भाषणांच्या व्हिडिओंवरून शैक्षणिक इंग्रजी ऐकायला शिकवणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकवणारे शिक्षक आणि स्वतःच्या बळावर ऐकण्याचा सराव करणारे विद्यार्थी सहसा जे प्रश्न विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं वर्गातल्या अनुभवातून आलेली आहेत, त्यामुळे काही ठिकाणी मतं ठाम आहेत. पटली नाहीत तर सोडून द्या, पण एकदा वर्गात करून बघा आणि मग सोडा.

इंग्रजी सिनेमे आणि मालिका कळतात. मग ‘शैक्षणिक इंग्रजी ऐकणं’ हे वेगळं काय असतं?

सिनेमात अर्धा अर्थ चेहऱ्यावर असतो. दार आपटलं, कुणी रडलं, गाडी निघाली, की शब्द निसटले तरी गोष्ट हातात राहते. गप्पांमध्ये तर समोरच्याला थांबवून ‘काय म्हणालास?’ असं विचारता येतं. लेक्चरमध्ये यातलं काहीच नसतं. एकच माणूस पन्नास मिनिटं बोलतो, मुद्द्यातून मुद्दा काढतो, मध्येच उदाहरण देतो, मग सांगतो की हे उदाहरण खरं तर नियमाला अपवाद आहे. ऐकणाऱ्याला धागा धरून ठेवायचा असतो, महत्त्वाचं काय ते ठरवायचं असतं आणि लिहायचंही असतं. लिहीत असताना पुढची दोन वाक्यं निघून गेलेली असतात.

शब्दांचा प्रश्न तर वेगळाच. न्यूझीलंडच्या ॲव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली शैक्षणिक लेखनात विषय कोणताही असो, वारंवार येणाऱ्या ५७० शब्दकुटुंबांची (एक मूळ शब्द आणि त्यापासून बनलेली रूपं मिळून एक कुटुंब) यादी प्रसिद्ध केली. शैक्षणिक मजकुरातला साधारण दहावा हिस्सा याच शब्दांनी व्यापलेला असतो. आपल्या विद्यार्थ्यांना यातले बरेच शब्द छापील पानावर ओळखू येतात. कानावर पडले की मात्र अनोळखी होतात. ‘हायपोथेसिस’ असा शब्द ज्याच्या डोक्यात बसला आहे, त्याला वक्त्याचा ‘हाय-पॉ-थ-सिस’ हा दुसराच कुठला तरी शब्द वाटतो. ‘ॲनॅलिसिस’वाल्याला ‘अ-नॅ-लि-सिस’ सापडत नाही. डोळ्यांचा शब्दसंग्रह आणि कानांचा शब्दसंग्रह यांतली ही दरी वाचून बुजत नाही.

यासाठी टेडसारखी भाषणंच का वापरायची?

सोय हे पहिलं कारण, आणि ते लाजून सांगण्यासारखं नाही. टेड ही १९८४ साली परिषद म्हणून सुरू झाली. २००६ पासून तिथली भाषणं इंटरनेटवर फुकट मिळू लागली. वक्त्याला जास्तीत जास्त १८ मिनिटं मिळतात, म्हणजे एका तासात भाषण दोनदा ऐकूनही काम करायला वेळ उरतो. सोबत इंग्रजी कॅप्शन असतात. वेळेशी जोडलेलं ट्रान्सक्रिप्टही, म्हणजे भाषणाचं शब्दशः लिखित रूपही असतं, त्यातल्या वाक्यावर टिचकी मारली की व्हिडिओ नेमका तिथे जातो. शिक्षकाला याहून मोठी मदत नाही. पूर्वी कॅसेट मागेपुढे करण्यात निम्मा तास जायचा.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. वक्ता अवघड विषय घेऊन, तो न शिकलेल्या पण लक्ष देणाऱ्या लोकांशी बोलत असतो. लेक्चरच्या बाकावर बसलेला पहिल्या वर्षाचा विद्यार्थी नेमका याच अवस्थेत असतो.

म्हणजे भाषण आणि लेक्चर एकच?

नाही, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते. टेडचं भाषण आधी लिहिलेलं, घोटलेलं आणि तालीम करून मंचावर आणलेलं असतं. त्यात चाचरणं कमी, वाक्य अर्धवट सोडणं जवळजवळ नाही. खऱ्या लेक्चरमध्ये प्राध्यापक वाक्य सुरू करतात, सोडतात, पुन्हा सुरू करतात. मागच्या तासाचा संदर्भ देतात, ‘हे परीक्षेला येणार नाही’ म्हणतात, फळ्याकडे तोंड करून बोलतात.

मांडणीही उलटी असते. लेक्चर बहुधा ‘आज आपण तीन गोष्टी बघणार आहोत’ असं सांगून सुरू होतं. भाषण मात्र एखाद्या गोष्टीने सुरू होतं, आणि मुद्दा काय आहे हे चौथ्या-पाचव्या मिनिटाला कळतं. त्यामुळे भाषणावर वाढलेला विद्यार्थी लेक्चरला गेला की सुरुवातीचं आराखड्याचं वाक्यच सोडून देतो, कारण त्याला अजून गोष्टीची वाट असते. भाषण ही पायरी आहे. तिच्यावर वर्षभर बसून राहू नये.

भाषण निवडताना काय बघायचं?

स्वतःला आवडलेलं भाषण निवडू नका. म्हणजे निवडा, पण आवड हे एकमेव कारण नको. मी एकदा अतिशय आवडलेलं भाषण वर्गात लावलं. मुलं हसली, टाळ्या वाजवल्या, मलाही धन्य वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यातला मुख्य दावा एका वाक्यात लिहायला सांगितला, तर निम्म्या वर्गाने वक्त्याने दाखवलेल्या चित्रांचं वर्णन केलं. त्यांनी भाषण पाहिलं होतं. ऐकलं नव्हतं.

तेव्हापासून मी आधी ट्रान्सक्रिप्ट वाचते. त्यात दावा आहे का, त्याला कारणं दिली आहेत का, कुठे व्याख्या, तुलना किंवा कार्यकारणसंबंध सापडतो का, हे बघते. निव्वळ आत्मकथन असेल तर ते ऐकण्याच्या आनंदासाठी ठेवते. सुरुवातीला पाच ते आठ मिनिटांचं भाषण पुरे.

दोन जुनी भाषणं मात्र अजून उपयोगी पडतात. स्वीडनचे हान्स रोसलिंग यांचं २००६ चं जगाच्या आकडेवारीवरचं भाषण घ्या. हलणाऱ्या बुडबुड्यांच्या आलेखावर ते जवळजवळ क्रिकेटच्या कॉमेंट्रीसारखे बोलतात, आणि आलेखाचं वर्णन करणारी भाषा कानाने शिकायला त्यासारखं दुसरं नाही. दुसरं नायजेरियन लेखिका चिमामांडा न्गोझी अदिची यांचं २००९ चं, एकाच गोष्टीवरून माणसं ओळखण्याच्या धोक्याबद्दलचं. त्यात प्रसंग आणि निष्कर्ष यांची गुंफण इतकी स्वच्छ आहे की ‘उदाहरण कुठे संपलं आणि मुद्दा कुठे सुरू झाला?’ हा एकच प्रश्न घेऊन पूर्ण तास घेता येतो.

कॅप्शन लावायचे की नाहीत?

पहिल्यांदा ऐकताना नाहीत. दुसऱ्यांदाही नाहीत. त्यानंतर इंग्रजी कॅप्शन किंवा ट्रान्सक्रिप्ट लावा आणि शेवटी पुन्हा काढून टाका. हा शेवटचा फेरा बहुतेक जण गाळतात, आणि खरी कमाई त्यातच असते. आता अर्थ माहीत असतो, शब्द माहीत असतात, त्यामुळे कान फक्त आवाजाकडे लक्ष देऊ शकतात.

मराठी सबटायटलचं वेगळं आहे. ते लावले की मेंदू सोपा रस्ता धरतो, डोळे वाचतात आणि इंग्रजी आवाज पार्श्वसंगीत होऊन जातो. माझ्या वर्गातला एक मुलगा प्रत्येक भाषणावरच्या प्रश्नांची उत्तरं बिनचूक द्यायचा. नंतर कळलं, तो घरी मराठी सबटायटल लावून आधीच बघून यायचा. विषय समजून घ्यायला हे चांगलंच, पण त्याच्या कानांना महिनाभर सुट्टी मिळाली होती.

आपोआप तयार होणाऱ्या कॅप्शनवर फार विसंबू नका. विशेषनामं आणि शास्त्रीय शब्द तिथे हमखास चुकतात. चुका शोधायला लावणं हा वर्गात झकास खेळ होतो, हे मात्र खरं.

एका तासाची आखणी कशी करायची?

बहुतेक तास असे होतात : शीर्षक सांगायचं, अवघड शब्दांची यादी फळ्यावर लिहायची, व्हिडिओ लावायचा, दहा प्रश्न विचारायचे, उत्तरं तपासायची, घरी जायचं. यात ऐकण्याची परीक्षा झाली. शिकवणं कुठे झालं? ज्याला पाच उत्तरं आली नाहीत, त्याला ती का आली नाहीत हे ना त्याला कळलं, ना आपल्याला.

मी अशी करते. आधी फक्त शीर्षक देते आणि वक्ता काय काय म्हणेल याचा अंदाज जोडीने लिहायला लावते. अंदाज चुकला तरी चालतो. अंदाज केलेला कान सावध असतो, तेवढं पुरतं. शब्द आधी तीन-चारच देते, ज्यांच्याशिवाय सगळंच कोसळेल तेवढे. बाकीचे संदर्भाने ओळखायची सवय लागायला हवी, कारण लेक्चरच्या आधी कुणी यादी देत नाही.

मग पूर्ण भाषण, न थांबवता. काम एकच : वक्त्याचं म्हणणं एका वाक्यात लिहा. जोडीदाराशी ताडून बघा. जिथे दोघांत मतभेद होतो ती जागा टिपून ठेवा.

दुसऱ्यांदा ऐकताना त्या मतभेदाच्या जागांवर लक्ष द्यायचं. यानंतर येतो तासाचा गाभा. ज्या जागी बहुतेकांचा कान घसरला ते वीस-तीस सेकंद निवडायचे आणि ऐकू येईल तसं शब्दशः लिहायला सांगायचं. तीन-चार वेळा ऐकवायचं. मग ट्रान्सक्रिप्ट उघडायचं आणि प्रत्येकाने आपली चूक कशामुळे झाली ते शोधायचं. शब्दच माहीत नव्हता का? माहीत होता पण उच्चार वेगळा निघाला? दोन शब्द एकमेकांत मिसळले? की शब्द सगळे कळले पण वाक्य लांबल्यावर सुरुवात विसरली? चारही आजार वेगळे, औषधंही वेगळी. इथे अर्धा तास गेला तरी वाईट वाटून घेऊ नका. भाषण पूर्ण ‘संपलं’ नाही तरी काही बिघडत नाही.

सगळे शब्द माहीत असतात, ट्रान्सक्रिप्ट वाचलं की हसू येतं इतकं सोपं असतं, तरी ऐकताना कळत नाही. असं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. उत्तर इंग्रजीच्या लयीत आहे.

मराठीत आपण अक्षरांना साधारण सारखा मान देतो. इंग्रजी तसं करत नाही. ती वाक्यातल्या दोन-चार शब्दांवर जोर देते आणि मधल्या शब्दांना चिरडून टाकते. ‘ॲण्ड’चा नुसता ‘न्’ उरतो, ‘ऑफ’चा ‘अव’, ‘टू’चा ‘ट’. ‘गोइंग टू’चं ‘गना’ होतं, ‘कुड हॅव’चं ‘कुडव’. एका शब्दाच्या शेवटचं व्यंजन पुढच्या शब्दाच्या स्वराला जाऊन चिकटतं. ‘नेक्स्ट डे’मधला ‘ट’ तर कुणी म्हणतच नाही.

एका विद्यार्थिनीने ‘फर्स्ट ऑफ ऑल’ हे ‘फर्स्ट वॉल’ असं ऐकलं आणि पुढची पाच मिनिटं दुसऱ्या भिंतीची वाट पाहत राहिली. तिचा कान चुकला म्हणता येत नाही. वक्ता खरोखर जवळजवळ तसंच म्हणाला होता. फक्त, असं जोडून म्हटलं जातं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

‘कॅन’ आणि ‘कान्ट’ची जोडी तर अर्थच उलटवते. अमेरिकन बोलण्यात ‘कान्ट’चा उच्चार ‘कॅन्ट’ असा होतो आणि शेवटचा ‘ट’ पुष्कळदा ऐकूच येत नाही. खूण स्वरात असते : होकारार्थी ‘कॅन’ आक्रसून ‘क्न’ होतो, नकारार्थी शब्दातला ‘ॲ’ मात्र पूर्ण आणि जोरकस राहतो. म्हणजे ‘कॅन’ ठसठशीत ऐकू आलं तर बहुधा नकार आहे असं समजा.

उपाय दोन. एक, वर सांगितलेलं छोट्या तुकड्याचं शब्दशः लेखन. दुसरा, वक्त्याच्या मागोमाग अर्ध्या सेकंदाच्या अंतराने तसंच बोलत जाणं. स्वतःच्या तोंडाने ‘कुडव’ म्हटलं की कानाला तो ओळखीचा होतो. घरी एकट्याने करा, नाहीतर लोक काळजीत पडतात.

व्हिडिओचा वेग कमी केला तर?

कधीतरी, एखाद्या वाक्यापुरता. लेक्चरचा वेग मिनिटाला सुमारे १४० शब्द असतो, रोजच्या गप्पांचा याहून बराच जास्त. पण अडचण क्वचितच निव्वळ वेगाची असते. वेग पाऊण केला तरी चिरडलेला शब्द चिरडलेलाच राहतो, फक्त लांबट होतो. त्यापेक्षा वाक्याच्या शेवटी थांबवा. मेंदूला वेळ मिळतो आणि आवाज खरा राहतो.

नोट्स काढायला कसं शिकवावं?

हिशेब करून बघा : मिनिटाला १४० शब्द धरले तर १८ मिनिटांत अडीच हजार शब्द होतात. ते लिहून घेणं अशक्य आहे हे एकदा मुलांना आकड्यात दाखवा, म्हणजे सगळं उतरवायचा मोह सुटतो.

कॉर्नेल विद्यापीठात १९५० च्या दशकात वॉल्टर पॉक यांनी सुचवलेली पद्धत अजूनही चालते : पानावर उजवीकडे रुंद रकान्यात ऐकताना नोंदी, डावीकडे अरुंद रकान्यात नंतर सुचलेले प्रश्न आणि कळीचे शब्द, खाली दोन-तीन ओळींत सार. माझा अनुभव असा की डावा रकाना सगळे रिकामा ठेवतात. म्हणून तो मी वर्गातच, ऐकून झाल्यावर लगेच भरून घेते.

नोट्स मराठीत काढल्या तर चालेल का, असंही विचारतात. चालेल. बाण, आकडे, अर्धे इंग्रजी अर्धे मराठी शब्द, काहीही. नोट्सचा कस एकाच गोष्टीने लागतो : दोन दिवसांनी त्यावरून भाषण पुन्हा सांगता येतं का?

प्रश्नपत्रिका कशी काढायची?

काढून झाली की भाषण न ऐकलेल्या एखाद्या सहकाऱ्याला सोडवायला द्या. त्याने निम्मी उत्तरं बरोबर दिली, तर तुम्ही सामान्यज्ञान तपासत आहात. आणि पडद्याकडे पाठ करून एकदा स्वतः ऐका, म्हणजे कोणतं उत्तर चित्रावरून मिळतं ते कळतं.

वक्ता तज्ज्ञ असतो. तो म्हणेल ते खरं मानायचं ना?

शैक्षणिक ऐकण्यात शंका घेणंही येतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एमी कडी यांचं २०१२ चं ‘पॉवर पोझ’वरचं भाषण याचा चांगला धडा आहे. दोन मिनिटं ऐटीत उभं राहिल्याने शरीरातल्या हार्मोन्समध्ये फरक पडतो, असं त्यात सांगितलं होतं. आधार होता ४२ जणांवरच्या प्रयोगाचा. २०१५ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी २०० जणांवर तो करून पाहिला, तेव्हा हार्मोन्सवरचा परिणाम दिसला नाही, फक्त आपल्यात बळ आल्याची भावना वाढलेली दिसली. २०१६ मध्ये मूळ प्रयोगातल्या सहसंशोधक डॅना कार्नी यांनीच हा परिणाम खरा असल्यावर आपला विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं.

वर्गात मी आधी भाषण ऐकवते, मुलं प्रभावित होतात, मग हा पुढचा इतिहास सांगते आणि तेच भाषण पुन्हा लावते. दुसऱ्या वेळी ती वेगळंच ऐकतात. कुठे ‘मे’, ‘माइट’, ‘टेण्ड टू’, ‘सजेस्ट’ असे सावध शब्द आले आणि कुठे थेट विधान ठोकलं, हे टिपायला लागतात. शोधनिबंध लिहिताना हेच शब्द त्यांना वापरायचे असतात.

ॲक्सेंट ब्रिटिश असावा की अमेरिकन?

दोन्ही, शिवाय नायजेरियन, स्वीडिश, जपानी, भारतीयसुद्धा. परदेशी विद्यापीठातला प्राध्यापक कुठून आलेला असेल सांगता येत नाही. फक्त सुरुवातीचे काही आठवडे एकाच धाटणीचा आवाज ठेवा.

वर्गात दाखवायला परवानगी लागते का?

टेडची भाषणं क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली आहेत. श्रेय द्यायचं, व्यावसायिक वापर करायचा नाही आणि भाषणात बदल करायचा नाही, या त्याच्या तीन अटी. त्यामुळे वर्गात दाखवायला हरकत नाही. व्हिडिओ कापून, जोडून नवा व्हिडिओ करणं मात्र अटीत बसत नाही. हवा तो भाग मूळ व्हिडिओतच पुढे नेऊन लावा. विकायच्या अभ्यासक्रमात वापरायचं असेल तर आधी परवानगी घ्या.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी यातून होते का?

कानांची होते, परीक्षेची अर्धवट. आयईएलटीएसच्या ऐकण्याच्या भागात चार विभाग आणि ४० प्रश्न असतात. ध्वनिफीत एकदाच ऐकवतात आणि चित्र नसतं. चौथा विभाग शैक्षणिक विषयावरचं एकट्याचं भाषण असतो. तेव्हा परीक्षेआधी महिनाभर तरी पडदा बंद करून, फक्त आवाजावर, एकदाच ऐकायचा सराव वेगळा करा.

खऱ्या लेक्चरकडे कधी आणि कसं वळायचं?

दहा मिनिटांच्या भाषणाचा सांगाडा, म्हणजे दावा, कारणं, उदाहरणं, पहिल्या ऐकण्यात कागदावर यायला लागला की वळा. एमआयटीने २००१ मध्ये जाहीर केलेल्या ओपनकोर्सवेअर प्रकल्पात आणि येल विद्यापीठाच्या २००७ पासूनच्या मोफत अभ्यासक्रमांत प्रत्यक्ष वर्गात चित्रित केलेली लेक्चर्स आहेत, खोकल्यासकट. आपल्या ओळखीचा विषय घ्या आणि पहिली दहा मिनिटंच ऐका. आज काय शिकवणार, मागे काय झालं, हे बहुतेक वेळा तिथेच सांगितलेलं असतं.

मधली पायरी हवी असेल तर बीबीसीची रीथ व्याख्यानं आहेत. ती १९४८ साली बर्ट्रांड रसेल यांच्यापासून सुरू झाली. रेडिओसाठीची असल्याने चित्राचा आधार नाही, आणि अलीकडच्या व्याख्यानांत शेवटी श्रोत्यांचे प्रश्न असतात. तयार भाषण संपून वक्ता उत्स्फूर्त बोलायला लागतो तो क्षण मुलांना ऐकवा, वाक्यांची वीण एकदम सैल होते.

शिक्षकांसाठी आणखी एक खजिना म्हणजे मिशिगन विद्यापीठाचा, विद्यापीठात प्रत्यक्ष बोलल्या गेलेल्या इंग्रजीचा सुमारे १८ लाख शब्दांचा संग्रह. लेक्चर, चर्चा, प्राध्यापकाच्या खोलीतलं बोलणं, सगळं शब्दशः उतरवलेलं आहे आणि शोधता येतं. प्राध्यापक विषय बदलताना खरोखर काय म्हणतात हे तिथे बघितलं की पाठ्यपुस्तकातलं ‘फर्दरमोर’ किती कमी वेळा तोंडी येतं आणि साधं ‘ओके, सो’ किती, ते लक्षात येतं.

किती दिवसांत फरक पडतो?

आठवडे सांगत नाही, खूण सांगते. पहिल्या तासाला ज्या वीस सेकंदांवर वर्ग अडला होता, तेच वीस सेकंद जपून ठेवा आणि दोन-अडीच महिन्यांनी काही न सांगता पुन्हा ऐकवून लिहायला लावा. जुना कागद शेजारी ठेवा. ‘फर्स्ट वॉल’वाल्या मुलीने तो कागद आपल्या वहीला चिकटवून ठेवला आहे.